मिन्नाचे २५ धडे झाले, तरी दहाव्या पानावर का अडतं? एका मांगा-खंडाचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. जपानी शिकणाऱ्यांच्या कुठल्याही बॅचमध्ये दोघं-तिघं तरी नेमके या जागी सापडतात. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग, म्हणजे २५ धडे, संपलेला. एन५, म्हणजे जपानीची सगळ्यात खालची परीक्षा, पदरात. हिरागाना-काताकाना या दोन्ही अक्षरमाला पाठ, कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) शंभरेक. अ‍ॅनिमे सबटायटल लावून पोटभर पाहिलेला. आणि आता हातात अझुमा कियोहिको यांच्या 'योत्सुबा तो!' या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला खंड, कारण 'सगळ्यात सोपा मांगा' विचारला की दहापैकी आठ जण हेच नाव घेतात.

अपेक्षा चुकीची म्हणता येत नाही. पाच वर्षांची मुलगी, तिचे वडील, शेजारच्या घरातल्या तीन बहिणी, उन्हाळ्याचे दिवस. तलवारी नाहीत, राक्षस नाहीत, शाळेचं राजकारण नाही. संवादातल्या कांजींच्या शेजारी फुरिगाना छापलेला, म्हणजे उच्चार आयताच मिळतो. खंडात सात प्रकरणं. आठवड्याला दोन केली तरी महिन्यात पुस्तक संपावं. प्रत्यक्षात दोन संध्याकाळी जातात, दहावं पान कसंबसं येतं, संवादाच्या प्रत्येक फुग्यातले निम्मे शब्द डिक्शनरीत सापडत नाहीत आणि खंड कपाटात जातो. वाचणारा स्वतःचं निदान स्वतःच करतो: 'कांजी कमी पडतेय.' मग तो कांजीचं पुस्तक विकत घेतो.

निदान इथेच चुकतं. ज्या पुस्तकात फुरिगाना आहे, तिथे कांजी अडवत नाही. अडवते ती बोली.

मिन्नाचा पहिला भाग मुख्यतः 'देसु-मासु'च्या, म्हणजे अदबीच्या रूपांच्या, घरात राहतो. विसाव्या धड्यात साधी रूपं भेटतात, पण ओळखीपुरती. मांगातली माणसं मात्र घरातल्यांशी, मित्रांशी बोलतात. तिथे 'मासु' क्वचितच येतो. आणि मांगाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर जे लागतं, ते नेमकं दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे: कारण सांगायचं 'न देसु' २६व्या धड्यात, 'ते शिमाउ' २९व्यात, 'ते ओकु' ३०व्यात, 'चला, करू या'चं साधं रूप ३१व्यात, आज्ञा आणि 'करू नकोस' ३३व्यात. म्हणजे हा वाचक दार उघडायच्या जेमतेम आठ धडे आधी येऊन थांबलाय. त्यातही हे धडे पूर्ण रूपं शिकवतात. बोलताना ती कशी आखडतात, हे वर्गात बहुधा सांगायचं राहून जातं.

एक फुगा जवळून पाहू. वाक्य इथल्यापुरतं रचलेलं आहे, पण असं वाक्य कुठल्याही घरगुती मांगात भेटेल:

'नानी यात्तेन नो? हायाकु शिनाइ तो बासु इच्चाउ यो!'

'यात्तेन' डिक्शनरीत नाही. 'इच्चाउ' नाही. शोधणारा इथेच हरतो. आता उलगडून बघा. मूळ 'यात्ते इरु नो'. बोलताना 'इ' गळतो, 'यात्तेरु नो' होतं. पुढे 'नो' आला की 'रु' त्याच्या आधी नाकात जातो, म्हणून 'यात्तेन नो'. 'इच्चाउ' म्हणजे 'इत्ते शिमाउ'. 'बासु'च्या मागचा 'गा' गाळलाय. अर्थ: 'काय करतेयस? लवकर आवर, बस निघून जाईल हं!'

मराठी वाक्यावरून पुन्हा एकदा नजर फिरवा. 'करत आहेस'चं 'करतेयस' आपणही करतोच, 'येत नाही आहे'चं 'येत नाहीये' होतंच. आणि 'निघून जाईल' हा तर जवळजवळ शब्दाला शब्द 'इत्ते शिमाउ'. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या पुस्तकांना या 'शिमाउ'साठी परिच्छेद लिहावा लागतो: पूर्ण होणं, हातून निसटणं, हळहळ वाटणं. मराठीत एक क्रियापद जोडलं की भागतं. 'ताबेचात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. 'वासुरेचात्ता' म्हणजे विसरूनच गेलो. 'ते मिरु' म्हणजे करून बघणं, 'ते ओकु' म्हणजे करून ठेवणं. 'कात्तोकु' म्हणजे 'विकत घेऊन ठेवतो'. वाक्याच्या शेवटी येणारा 'त्ते' म्हणजे आपला 'म्हणे': 'कुरु त्ते', येतोय म्हणे. मराठी वाचकाने या गोष्टी इंग्रजी व्याकरणातून का शिकाव्यात हे खरंच कळत नाही, पण बहुतेक जण तसंच शिकतात.

तेव्हा पहिला उपाय: खंड पंधरा दिवस बाजूला. मिन्नाच्या दुसऱ्या भागातले २६ ते ३३ हे आठ धडे दोन दिवसांना एक या गतीने नुसते वाचून काढायचे. सगळे सराव सोडवत बसायचं नाही, ओळख झाली की पुरे. सोबत एका पुठ्ठ्यावर आखूड रूपांची यादी करायची आणि तो खंडात खूण म्हणून ठेवायचा. यादी दहा ओळींची: ते इरु – तेरु, तेरु नो – तेन नो, ते शिमाउ – चाउ, दे शिमाउ – जाउ, ते ओकु – तोकु, ते वा – चा, दे वा – जा ('शिचा दामे', तसं करायचं नाही), नाकेरेबा – नाक्या (करायलाच हवं), नो दा – न दा, आणि शेवटची, 'अइ' व 'ओइ' दोन्हींचं 'एए'. सुगोइ – सुगेए, उरुसाइ – उरुसेए, शिरानाइ – शिरानेए. पुरुषांच्या रांगड्या बोलण्यात ही शेवटची ओळ सतत लागते. न सापडणारे बरेचसे 'शब्द' या दहा ओळींत सापडतात, कारण ते नवे शब्द नसतातच.

दुसरी अडचण अनपेक्षित आहे. वाटतं, मुलीची वाक्यं सोपी आणि मोठ्यांची अवघड असतील. वाचताना उलटं होतं. लहान मुलाचं बोलणं दाखवण्यासाठी मांगाकार बरेचदा कांजी टाळून सगळं हिरागानात लिहितात, आणि जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. जपानी शिकवणाऱ्यांचं एक लाडकं वाक्य आहे: आईला फुलं आवडतात. कांजीत लिहिलं तर एका नजरेत कळतं. हिरागानात लिहिलं तर सुरुवातीलाच 'हा' हे एकच अक्षर ओळीने चार वेळा येतं. पहिली दोन मिळून 'हाहा', म्हणजे आई. तिसरं लिहायला 'हा' पण वाचायला 'वा', कारण तो प्रत्यय. चौथं 'हाना'मधलं, म्हणजे फुलाचं. शब्द कुठे तुटतो हे दाखवायचं काम कांजी करत असते. ती काढली की मोडीतला जुना कागद वाचण्यासारखं होतं: अक्षर न् अक्षर ओळखीचं, पण कुठे थांबायचं ते कळेना.

यावर युक्ती एकच, तीही जुनी: मोठ्याने वाचायचं. नजर अक्षरांवर अडखळते, पण कान 'गा', 'ओ', 'नि', 'दे' हे प्रत्यय बरोबर पकडतो. पेन्सिलीने प्रत्ययानंतर बारीक उभी रेघ मारायची, अर्थ लिहायचा नाही. डिक्शनरीत टंकताना आणखी एक खाच आहे. ही मुलगी वडिलांना जी हाक मारते, ती हिरागानात लांबीची आडवी रेघ देऊन लिहिलेली आहे, 'तोऽचान' अशी. डिक्शनरीत शब्द 'तोउचान' असा 'उ' घालून असतो. रेघ टंकून शोधलं तर बऱ्याच डिक्शनऱ्या हात वर करतात. हिरागानात रेघ दिसली की आधी ती 'उ' समजून शोधायची, नाही जमलं तर आधीचाच स्वर पुन्हा. आणि योत्सुबा स्वतःला 'मी' न म्हणता 'योत्सुबा' म्हणते, हे पहिल्याच प्रकरणात लक्षात घेतलं नाही तर वाचणारा पानभर कुणा दुसऱ्याच मुलीला शोधत बसतो. 'जांबो' हे वडिलांच्या धिप्पाड मित्राचं टोपणनाव आहे. काताकानातला अनोळखी शब्द म्हणून तोही लोक शोधत राहतात. पात्रांची नावं आधीच पुठ्ठ्याच्या मागे लिहून ठेवावीत.

तिसरी अडचण खास मराठी माणसाची. आपल्याला 'मी', 'तू', 'ती' गाळायची सवय आहे, म्हणून जपानीत कर्ता गाळतात याचं आपल्याला काही वाटत नाही. पण मराठीत 'गेलो', 'गेली', 'गेलं' हे क्रियापदच सगळं सांगून टाकतं. जपानी 'इत्ता' काहीच सांगत नाही. मी गेलो, ती गेली, ते गेले, सगळं 'इत्ता'. वाचताना आपण नकळत क्रियापदाच्या शेपटीकडे बघतो आणि तिथे काहीच नसतं. मांगात ही माहिती तीन ठिकाणी असते. एक, फुग्याचं टोक कुणाकडे आहे. दोन, देण्या-घेण्याची क्रियापदं: 'यात्ते कुरेता' म्हणजे मला किंवा माझ्या माणसाला करून दिलं, 'यात्ते आगेता' म्हणजे मी दुसऱ्याला करून दिलं, मराठीत दोन्हींना 'दिलं' हा एकच शब्द, म्हणून इथे विशेष घसरायला होतं. तीन, वाक्याच्या शेवटचे 'यो', 'ने', 'झो', 'काना'. 'ने' म्हणजे आपला 'ना'. 'यो' कधी 'हं', कधी 'की', कधी 'अगं'. याचं कोष्टक करू नये. पंचवीस-तीस फुगे वाचले की कानात बसतं.

आता वाचायची पद्धत. पहिलं प्रकरण साधारण तीस पानांचं धरा. रोज चार पानं, अर्धा तास. पहिल्या दिवशी डिक्शनरी न उघडता पूर्ण प्रकरण चित्रांवरून बघून घ्यायचं; चौकटी उजवीकडून डावीकडे, फुग्यातल्या ओळीही उभ्या आणि उजवीकडून. दुसऱ्या दिवसापासून चार-चार पानं ओळीने, पानाला जास्तीत जास्त पाच शब्द शोधायचे. सहावा शब्द अडला तर अडू द्या. प्रकरण संपल्यावर दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मग सलग, मोठ्याने, काही न शोधता पुन्हा वाचायचं. ही तिसरी फेरी लोक गाळतात आणि खरी कमाई तिथेच असते, कारण त्या वेळी वाक्य मराठीत न आणता कळायला लागतं.

कागदी खंडात शब्द शोधायचे तर फोनवर जपानी कीबोर्ड हवा. रोमन कळांवर टंकणाऱ्यांची एक चूक ठरलेली: 'ओन्ना' (बाई) हा शब्द टंकताना 'न'ची कळ तीनदा दाबावी लागते, दोनदा दाबली की बहुतेक कीबोर्डवर 'ओन-आ' होतं. छोट्या 'त्सु'साठी पुढचं व्यंजन दोनदा. बारा कळांचा काना कीबोर्ड आठवडाभर हाताला वेडावाकडा वाटतो, मग ही भानगडच उरत नाही. संगणकावर वाचणाऱ्यांसाठी 'योमितान' हे ब्राउझरचं एक्स्टेंशन चांगलं, कारण ते 'ताबेचात्ता'वरून मूळ 'ताबेरु'पर्यंत आपणहून जातं. फोनच्या कॅमेऱ्याने ओळख करून घेता येते, पण छापील टाइपाचीच. हाताने लिहिलेल्या अक्षरांवर तो हमखास गंडतो.

आणि हाताने लिहिलेलं मांगात भरपूर असतं. फुग्याबाहेर, पात्राच्या कानाशेजारी बारीक अक्षरात पुटपुटणं असतं. त्याला फुरिगाना बहुधा नसतो आणि विनोद अनेकदा तिथेच दडलेला असतो. चित्रावर आडवेतिडवे पसरलेले ध्वनिशब्द वेगळे. ते काताकानात असले की 'शि' आणि 'त्सु', 'न' आणि 'सो' यांचा गोंधळ होतो. ओळखायची खूण अशी: 'शि' आणि 'न'मध्ये लांब रेघ खालून वर जाते आणि छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक लागतात, 'त्सु' आणि 'सो'मध्ये लांब रेघ वरून खाली येते आणि छोट्या रेघा वरच्या कडेला शेजारी-शेजारी बसतात. कुंचल्याने फराटा मारलेला असला तरी रेघ कुठे जाड सुरू होते आणि कुठे निमुळती होते ते बघितलं की दिशा कळते.

ध्वनिशब्दांचं मात्र मराठी माणसाने मुळीच ओझं घेऊ नये. ज्या भाषेत धाडकन, चटकन, टकामका, लुकलुक, सळसळ, भळभळ आहे, तिला 'दोकिदोकि' समजावून सांगायची गरज नाही; ते छातीतलं धडधड. 'झाऽ' म्हणजे धो धो पाऊस, या खंडाच्या शेवटच्या, मोठ्या पावसाच्या प्रकरणात कामाला येईल. त्याच्या आधीचं प्रकरण सिकाडा किडे पकडण्याचं आहे, तिथे 'मीन मीन' ही त्यांची किरकिर. जपानीतला एक नियम आपल्या कानाला लगेच पटतो: व्यंजन घोष झालं की वस्तू जड, मोठी किंवा खरखरीत होते. 'कोरोकोरो' लहान गोटी घरंगळते, 'गोरोगोरो' मोठा धोंडा. 'पातान' दार अलगद लागतं, 'बातान' आपटतं. आपल्याकडे छोटी घंटा किणकिणते आणि देवळातली घणघणते, तसंच. अडायला होतं ते आवाज नसलेल्या शब्दांवर. 'शीऽन' म्हणजे शांतता, 'जीऽ' म्हणजे टक लावून बघणं. असे शब्द ताणलेल्या रूपात डिक्शनरीत मिळत नाहीत. ताण काढून छोटं रूप शोधायचं. साधे आवाज शोधूच नयेत, चित्र सांगतं तेवढं पुरे.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. सगळ्यात मोठा खड्डा अँकीचा, म्हणजे शब्दांची कार्डं घोकून घेणाऱ्या अ‍ॅपचा. उत्साहात रोज वीस नवीन कार्डं घातली जातात. महिन्याभरात रोजची उजळणी दीडशेच्या घरात पोचते, मांगाचा अर्धा तास कार्डांत जातो आणि दोन्ही सुटतं. रोज पाच कार्डं, तीही प्रकरणात दोनदा भेटलेल्या शब्दांचीच. कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, अख्खं वाक्य हवं. दुसरा खड्डा पेन्सिलीने ओळीवर मराठी अर्थ लिहिण्याचा: पुढच्या वेळी नजर आधी मराठीवरच जाते. तिसरा, इंग्रजी भाषांतर शेजारी उघडं ठेवण्याचा. भाषांतरकार शब्दखेळ बदलतात, बदलावेच लागतात, आणि आपण न जुळणाऱ्या ओळी जुळवत बसतो. प्रकरण संपल्यावर अडलेल्या दोन-तीन ओळींपुरतं बघायला हरकत नाही.

फुरिगानाचाही तोटा आहे. डोळा कांजीकडे बघतच नाही. झाकायची सोय नाही, कारण उभ्या मजकुरात तो कांजीला उजवीकडून अगदी चिकटून असतो. म्हणून तिसऱ्या फेरीत प्रकरणात तीनदा आलेल्या कांजी तेवढ्या वहीत उतरवायच्या, पाच-सात निघतात. तिसऱ्या प्रकरणाच्या नावातच 'चिक्यू ओंदांका' आहे, म्हणजे जागतिक तापमानवाढ. त्यातला शेवटचा 'का' म्हणजे आपला '-करण'. औद्योगिकीकरण, आधुनिकीकरण या सगळ्यांना जपानीत हाच 'का' लागतो. अशी एक कांजी वहीत गेली की पुढे वर्तमानपत्रातले कितीतरी शब्द सुटतात.

आणि तोंडाची काळजी. 'ओरे' (रांगडा 'मी'), 'ओमाए' (रांगडा 'तू'), रांगडं 'एए' वाचायला शिकावं, वर्गात सेन्सेईंसमोर किंवा चाकणच्या जपानी कंपनीत बोलू नये. म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि वाक्य 'जा'ने संपवतो, ती तर पात्रांसाठी ठरलेली भाषा. जपानीत तिला 'याकुवारिगो' असा शब्दच आहे. खरी म्हातारी माणसं सहसा तशी बोलत नाहीत.

पहिलं प्रकरण दहा-बारा दिवस खाईल. दुसऱ्यालाही फारसा कमी वेळ लागणार नाही. फरक पडतो तो चौथ्या-पाचव्याच्या आसपास, कारण तोवर घर, शेजार, हाका, टोमणे सगळे तेच तेच येतात. पुठ्ठ्यावरची यादी बघायची वेळ कमी होते, चार पानांची सहा-सात होतात. तरीही खंडाला तीन महिने धरावेत. त्याहून घाई केली की तिसरी फेरी बुडते.

खंड संपल्यावर लगेच मारामारीच्या गाजलेल्या मालिकेकडे धावू नये. दुसरा खंड याच मालिकेचा घ्यावा. नवी मालिका म्हणजे नवी नावं, नवी बोली, आणि पहिली तीसेक पानं पुन्हा मुंगीच्या पावलाने. नंतर मालिका निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. शोनेन (मुलांच्या) आणि शोजो (मुलींच्या) मासिकांतल्या मांगाला सहसा पूर्ण फुरिगाना असतो. सेइनेन, म्हणजे मोठ्यांच्या मासिकांत तो अवघड शब्दांपुरताच उरतो. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: बहुतेक प्रकाशक फुग्यात पूर्णविराम-स्वल्पविराम छापत नाहीत, शोगाकुकान छापतं. वाक्य कुठे संपलं हे शोधण्यात ज्याचा वेळ जातो, त्याला ही बारीक टिंबं मोठा आधार देतात. आणि जुन्या मालिकांच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या 'बुंकोबान' आवृत्त्या मोहात पाडतात, पण त्या ए६ आकाराच्या असतात. तिथे फुरिगाना इतका बारीक होतो की 'बा' आणि 'पा'मधला फरक भिंगाशिवाय दिसत नाही.